ओसीडीसाठी ऑनलाइन थेरपी आणि सायकियाट्रिस्ट : मुंबईतले अनुभव हवे आहेत

साळुंकी
नमस्कार. ओसीडीसाठी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी एकच कृती पुन्हा पुन्हा करणं) सगळे उपचार ऑनलाइन, म्हणजे सायकियाट्रिस्टही व्हिडिओवर आणि थेरपीही व्हिडिओवर, असे कोणी घेतले आहेत का? उपयोग झाला का?

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या भावाला (वय २४) ओसीडी आहे. निदान रीतसर सायकियाट्रिस्टनेच केलं आहे. त्याला धास्ती बाहेरच्या घाणीची. लोकलमधला दांडा, लिफ्टचं बटण, सुट्टे पैसे, रिक्षाची सीट. बाहेरून आला की कपडे दारातच काढायचे, मग आंघोळ, आणि ती मनासारखी झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे पाणी फक्त सकाळी येतं, दुपारपर्यंत पिंप रिकामं झालेलं असतं. त्याची नोकरी सुटली. आता स्टेशनला जायचं म्हटलं तरी दारातून मागे फिरतो, आणि डॉक्टर बसतात दादरला. ज्याला उंबरा ओलांडवत नाही त्याला भांडुपहून दादरला न्यायचं कसं?

घर वन रूम किचन, माणसं चार. बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. आईचं म्हणणं, समोर बसल्याशिवाय डॉक्टरला काय कळणार. मला वाटतं काहीच न करण्यापेक्षा ऑनलाइन तरी सुरू करावं. पण मोबाईलवर कोणीतरी "रिलॅक्स व्हा" सांगून पैसे घेईल असं व्हायला नको. ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊसवेडी
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे हाच प्रश्न आहे, वडिलांच्या बाबतीत.

शेवटची_लोकल
साळुंकी, मी घेतलंय, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर ओसीडीला ऑनलाइन थेरपी क्लिनिकपेक्षा जास्त लागू पडली. कारण सांगतो.

माझा ओसीडी तपासण्याचा. गॅस, गीझर, कुलूप. कल्याणहून ऑफिसला निघायचो तेव्हा शेगडीच्या बटणांचे फोटो काढून न्यायचो. गाडीत ते बघायचो, मोठे करून बघायचो, आणि तरी ठाण्याला पोचेपर्यंत वाटायचं की हा फोटो कालचा तर नाही? मग मागे फिरणं, लेट मार्क, साहेबांची बोलणी, सगळं ओघाने आलं. क्लिनिकमध्ये जायचो तेव्हा एसी खोलीत बसून या सगळ्याबद्दल नुसतं बोलणं व्हायचं. तिथे गॅस नव्हता, माझं दार नव्हतं, त्यामुळे भीतीही नव्हती. घरी आलो की सगळं होतं तसंच.

ऑनलाइन जी थेरपिस्ट मिळाली तिने फोन ओट्यावर उभा करायला लावला. शेगडी समोर. "बटण एकदा बंद करा, एकदा बघा, आता पाठ फिरवा." मग फोन हातात घेऊन बाहेर, कुलूप एकदाच, ओढून बघायचं नाही, आणि जिना उतरून गेटपर्यंत. दर थोड्या वेळाने ती विचारायची, अस्वस्थता शंभरपैकी किती? ऐंशी. पंच्याऐंशी. गेटपाशी उभा राहून माझे तळवे घामाने भिजले होते. ती काहीही समजूत घालत नव्हती. "गॅस बंद आहे हो" असं एकदाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, थांबू या. आणि तो आकडा हळूहळू आपोआप खाली आला. त्याच आठवड्यात तिने फोटोही डिलीट करायला लावले, अगदी ट्रॅशमधूनसुद्धा.

याला ईआरपी म्हणतात, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं आणि मग जी कृती केल्याशिवाय राहवत नाही ती करायची नाही. भावाची भीती घरात आणि दारात आहे, तर थेरपीही तिथेच झालेली बरी. फोनमुळे तेच जमतं.

अरुंधती_म
शेवटची_लोकल, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण मला उलट बाजू मांडावीशी वाटते. माझ्या मुलीचा ओसीडी विचारांचा. आपल्या हातून घरातल्या लहान बाळाला काही इजा होईल, असे नको नको ते विचार तिच्या मनात यायचे आणि ती पार कोसळायची. आता हे ऑनलाइन सांगायचं तर पलीकडच्या कॉटवर आजी, आणि ते बाळ ज्यांचं ती माझी जाऊ स्वयंपाकघरात. पोरगी अख्खं सेशन "हो", "नाही", "ठीक आहे" करत बसायची. थेरपिस्टला वाटलं, ही सहकार्य करत नाही. शेवटी आम्ही महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो. रांग होती, गर्दी होती, पण दार बंद करून डॉक्टरसमोर बसल्यावर तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते ऐकून डॉक्टर दचकले नाहीत, हेच तिच्यासाठी औषधासारखं होतं.

मुंबईत स्वतःची खोली कितीजणांना असते? हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

डॉ_मोगरा
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, मुंबईतच काम करते. या धाग्यावर कोणाला औषध सुचवणार नाही, पण नियम आणि पद्धत सांगते.

आधी अरुंधतींच्या मुलीबद्दल. असे विचार येणाऱ्यांना ते विचार इतके भयंकर वाटतात, कारण ते त्यांच्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध असतात. हा ओसीडीचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. आणि घरात कोणी ऐकत असेल म्हणून पेशंट लपवत असतात, हेही नेहमीचंच. त्यामुळे ऑनलाइन पेशंटला माझा पहिला प्रश्न असतो : आत्ता खोलीत कोण आहे?

आता ऑनलाइनचं. २५ मार्च २०२० रोजी आपल्याकडे टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचारांची, अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि त्याच वर्षी इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, निम्हान्स (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) आणि टेलिमेडिसिन सोसायटी यांनी मिळून टेलिसायकियाट्रीसाठी वेगळी तत्त्वं काढली. भारतात नोंदणी असलेला डॉक्टर देशात कुठल्याही पेशंटला व्हिडिओवर तपासू शकतो आणि औषध लिहून देऊ शकतो. ओसीडीत पहिल्यांदा जी औषधं देतात, म्हणजे एसएसआरआय गटातली फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम वगैरे, ती व्हिडिओ तपासणीनंतर देता येतात. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणातल्या औषधांची सरकारी यादी) औषधं मात्र देता येत नाहीत, आणि नार्कोटिक कायद्याखाली येणाऱ्यांवर कडक बंधनं आहेत. म्हणून कोणी ऑनलाइन डॉक्टर झोपेची किंवा घबराटीची अमुक गोळी द्यायला नाही म्हणाला, तर तो अडवणूक करतोय असं समजू नका.

माझं मत : शक्य असेल तर पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी, मग ऑनलाइन. वजन, रक्तदाब, हातांची त्वचा (धुऊन धुऊन फुटलेली असते), काही औषधांच्या आधी ईसीजी, हे सगळं पडद्यावर होत नाही. क्लोमिप्रामिन हे ओसीडीवरचं जुनं आणि चांगलं औषध आहे, पण ते देताना हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं. अशा औषधासाठी तरी माणूस समोर हवा.

आणि एक. ओसीडीत औषधाचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो, परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. याच काळात लोक "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलतात किंवा गोळ्या सोडतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचे त्रास होतात. कमी करायच्या त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली.

गच्चीवरून
जागेच्या प्रश्नावर माझे उपाय. मी सेशन गच्चीवर घ्यायचो, पावसाळ्यात पाण्याच्या टाकीखालच्या आडोशाला. इतका वेळ वर असायचो की शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "मुलाचं जमलं वाटतं कुठे?" आई म्हणाली, "जमलं म्हणजे छानच जमलंय, डॉक्टर आहे." :)

गंमत सोडा. मित्राची रिकामी खोली, बंद गाडी, ऑफिसची मीटिंग रूम, सगळं चालतं. घरातूनच बोलायचं असेल तर इअरफोन लावा, त्यांचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, आणि आपल्याला जे मोठ्याने म्हणवत नाही ते चॅटमध्ये टाइप करा. माझ्या थेरपिस्टने भीतीच्या प्रत्येक गोष्टीला नंबर दिला होता. "आज चार नंबर जड गेला" म्हटलं की तिला कळायचं, बाबांना नाही. घरच्यांना त्या वेळेत भाजी आणायला पाठवणं हाही रास्त उपाय आहे, मागायला लाजू नका.

साळुंकी, भाऊ बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी यातला शेवटी लिहिलेला उपाय. तुम्ही बाकीचे तिघं तासभर खाली जा.

काळा_चहा
वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मंत्रचळ म्हणायचे आणि माणूस कामाला लागला की सुटायचा. हे ईआरपी वगैरे अमेरिकेतून आलेलं नवं प्रकरण आहे. रोज प्राणायाम, नामस्मरण आणि मनाचा निश्चय हवा. गोळ्यांनी मेंदू सुस्त होतो, हे मी जवळच्या नात्यात पाहिलंय.

शेवटची_लोकल
काळा_चहा, आदर ठेवून सांगतो, निश्चयाची कमतरता नव्हती. रोज सकाळी निश्चय करूनच निघायचो. जो माणूस फाटलेल्या हातांनी पुन्हा साबण घेतो त्याला कळत नसतं असं नाही. त्याला कळत असतं, हाच तर त्रास असतो.

डॉ_मोगरा
ईआरपी नवं नाही. १९६६ साली व्हिक्टर मायर यांनी लंडनमध्ये धुण्याचा ओसीडी असलेल्या पेशंटवर या पद्धतीने केलेले उपचार प्रसिद्ध केले. तेव्हापासून जगभर तिचा अभ्यास झाला आहे. इंटरनेटवरून दिलेल्या थेरपीचाही झाला आहे, स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि ते चांगले होते.

सुस्ती आली असेल तर डोस किंवा औषध बदलता येतं, तुमच्या नातेवाइकांना तसं विचारायला सांगा. प्राणायामाला माझी ना नाही. पण भीती आली की ती घालवण्यासाठी प्राणायाम, असं सुरू झालं तर तोही हात धुण्याच्या जागी येऊन बसतो.

समईची_वात
काळा_चहा यांनी नामस्मरणाचं लिहिलं म्हणून हे लिहायला बसले. एरवी या विषयावर मी कोणाशी बोलत नाही.

माझा ओसीडी देवाच्या बाबतीतला. वय साठीच्या पुढे. जप करताना मनात काही वाईटसाईट आलं की माळ पहिल्यापासून. देव पुसताना हात चुकून जमिनीला लागला की पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं. नैवेद्य दुपार टळली तरी होत नसे, आणि घरातले उपाशी बसत. लोकांना वाटायचं किती कर्मठ बाई. मला एकटीलाच माहीत होतं की यात भक्ती उरलेलीच नाही, नुसती भीती आहे.

सुनेने पहिल्यांदा ऑनलाइन जी मुलगी शोधली ती चांगली होती, पण इंग्रजी-हिंदीतून बोलणारी. सोवळं म्हणजे काय, ओवळं म्हणजे काय, हे तिला समजावण्यातच वेळ जायचा, आणि तिला वाटायचं पूजाच बंद करावी. मी तिला नकार दिला. मग पुण्यातल्या एक मराठी थेरपिस्ट मिळाल्या. मुंबईत बसून पुण्याचा माणूस मिळतो, हा मला ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. त्यांनी पूजा बंद करायला सांगितलं नाही. म्हणाल्या, जप एक माळ. मनात काहीही आलं तरी पुढचा मणी ओढायचा, मागे यायचं नाही. माळ संपली की उठायचं. पहिल्या वेळी मी उठले तेव्हा थरथरत होते, आता काहीतरी अरिष्ट येणार असं वाटत होतं. त्या पडद्यावर होत्या, म्हणाल्या, आता स्वयंपाकाला लागा, मी इथेच आहे. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून मी कणीक मळली.

आता देवापुढे बसते तेव्हा कधीकधी बरं वाटतं. कितीतरी वर्षांनी.

पाऊसवेडी
समईची_वात, वाचून डोळे भरून आले. बाबांना हे वाचून दाखवते आज.

ताकभात
माझ्या नवऱ्यालाही थोडा ओसीडी आहे हो, कपाटातले शर्ट रंगाप्रमाणे लावतो. :D

अरुंधती_म
ताकभात, तुम्ही सहज लिहिलंत हे कळतं. पण नीटनेटकेपणा वेगळा. शर्ट रंगाप्रमाणे लावून त्यांना समाधान मिळतं ना? माझ्या मुलीला त्या विचारांतून क्षणभराचंही समाधान नव्हतं. तिचं कॉलेजचं वर्ष गेलं. कॉलेजमध्ये मैत्रिणी "माय ओसीडी" म्हणून हसायच्या, तेव्हा ती गप्प व्हायची.

ताकभात
खरं आहे. हा फरक माहीत नव्हता, आता लक्षात ठेवीन. मुलीला माझ्याकडून शुभेच्छा.

खारीचा_वाटा
साळुंकींचा मुख्य प्रश्न : ऑनलाइन फसवणूक कशी टाळायची. मी बहिणीसाठी बरीच शोधाशोध केली, त्यातून सांगतो.

पहिला अनुभव एका अॅपचा. नाव देत नाही. पैसे भरले की अॅपच कोणीतरी काउन्सेलर जोडून देतं. तिने बहिणीला सांगितलं, वाईट विचार आला की मनगटावरचा रबरबँड ओढून सोड आणि "स्टॉप" म्हण. बहिणीच्या मनगटावर वळ उठले, विचार दुप्पट झाले. पुढे ज्यांच्याकडे गेलो त्या म्हणाल्या की विचार दाबला की तो उसळून येतो, ओसीडीत ही युक्ती उलटते.

त्यानंतर आम्ही फोनवरच विचारायला लागलो : ओसीडीचे पेशंट नियमित बघता का? ईआरपी करता का? सेशनमध्ये नेमकं काय करून घेता? ज्याने खरंच केलंय तो लगेच उदाहरण देतो. "आम्ही सगळ्या प्रकारची थेरपी मिसळून करतो" असं उत्तर आलं की आम्ही नमस्कार करून फोन ठेवायचो.

पदवी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते, नंबर मागितला तर द्यायला हवा. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) झालेला डॉक्टर, त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलमध्ये. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाही. "लाइफ कोच", "माइंड हीलर" यांच्यापासून ओसीडीसाठी तरी लांब राहा.

फी : आम्हाला सेशनला दीड ते अडीच हजारांच्या मधले आकडे ऐकायला मिळाले. दर आठवड्याला हे परवडत नाही, हे उघड आहे. काहीजण उत्पन्न बघून फी कमी करतात, विचारायला संकोच करू नका. आमच्या थेरपिस्टने पहिले काही महिने दर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी असं केलं, मधल्या काळात घरचा अभ्यास.

गच्चीवरून
पैशांचा विषय निघालाच आहे तर, केईएम, नायर, सायन, जेजे, कूपर सगळीकडे मानसोपचार विभाग आहे आणि खर्च नाममात्र. भांडुपहून सायन त्यातल्या त्यात जवळ. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मराठीतून काम चालतं, भांडुपला तीही जवळच. आणि टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन : १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ती थेरपी नव्हे, पण रात्री दोन वाजता घरात कोणी कोसळलं आणि कोणाला विचारावं कळत नसेल तर तिथे माणूस भेटतो.

निळी_छत्री
एक धोका कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या ऑनलाइन थेरपिस्टने व्हॉट्सअॅप खुलं ठेवलं होतं, "केव्हाही मेसेज करा". मी केव्हाही करायला लागले. "आज वडापावच्या गाडीजवळून गेले, तेलाचा थेंब उडाला असेल का, चालेल ना?" ती बिचारी उत्तर द्यायची, "काही होत नाही, काळजी करू नका." मला दहा मिनिटं शांत वाटायचं. मग पुढचा मेसेज. ती झोपली असेल तर मी चॅटबॉटला विचारायचे, तो तर कधीच झोपत नाही, आणि कधी कंटाळतही नाही. एकाच प्रश्नाची शब्द बदलून उत्तरं घेत पहाट व्हायची.

दुसऱ्या थेरपिस्टने हे सगळं आधी थांबवलं. मेसेज फक्त वेळ बदलण्यासाठी. चॅटबॉटला लक्षणांबद्दल विचारणं हे तिने माझ्या कृतींच्या यादीत हात धुण्याच्या शेजारी लिहिलं. ऑनलाइन उपचारात फोन सतत हातात असतो, म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

डॉ_मोगरा
निळी_छत्री, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खात्री मागणं हीसुद्धा कृतीच आहे, आणि ती खाजेसारखी आहे, खाजवलं की क्षणभर बरं आणि मग दुप्पट. चांगला थेरपिस्ट "काही होणार नाही" असं आश्वासन देत नाही. सुरुवातीला तो कोरडा वाटतो, म्हणून लोक त्याला सोडून गोड बोलणाऱ्याकडे जातात.

साळुंकी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रात्री बसून सगळं वाचलं, भावालाही दाखवलं. समईची_वात यांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला.

डॉ_मोगरा, एक विचारू का? आई त्याच्यासाठी बरंच करते. बाहेरून आलेलं दूध, भाजी, नोटा, सगळं धुऊन घेते. तो तिला दहादा विचारतो "हात धुतलेस ना?", ती दहादा सांगते. नाही सांगितलं तर तो इतका कासावीस होतो की बघवत नाही. थेरपी सुरू झाली की हे बंद करायचं का? आई म्हणते, पोराला तडफडताना बघायला सांगणारी थेरपी मला नको.

डॉ_मोगरा
साळुंकी, आईंना सांगा की उद्यापासून सगळं बंद, असं कोणीही शहाणा थेरपिस्ट सांगणार नाही. आईंच्या या मदतीवर ओसीडी पोसला जातो हे खरं, पण ती मदत मायेपोटी आहे, त्यात त्यांचा दोष नाही. ती काढून घ्यायची ती भावाला विश्वासात घेऊन, त्याच्याशी ठरवून, एकेक करून. उदाहरणार्थ, नोटा धुणं आधी बंद, दूध चालू. दहादा विचारलं तर उत्तर एकदाच, आणि नंतर ठरलेलं एक वाक्य : "हे ओसीडी विचारतोय, मी तुझ्याजवळ बसते." उत्तर द्यायचं नाही, पण जवळ बसायचं.

इथे ऑनलाइनचा फायदा आहे. क्लिनिकला पेशंट येतो, आई घरी राहते. व्हिडिओवर आईला पाच मिनिटं बोलावता येतं, आणि ती दूध कसं धुते हे थेरपिस्टला डोळ्यांनी दिसतं. एखादं सेशन फक्त घरच्यांसाठी मागून घ्या.

शेवटची_लोकल
माझ्या बायकोचंही असं एक सेशन झालं होतं. ती त्यात रडली. तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं की तुझं कसं चाललंय.

खारीचा_वाटा
विम्याचं राहिलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा (मे २०१८ पासून लागू) सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झालेल्यांचाच खर्च देतात, आणि ओसीडीचा खर्च बहुतांश ओपीडीचा. पॉलिसीत ओपीडी असेल तर ऑनलाइन कन्सल्टेशनच्या पावत्या आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतही बघा, काही कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना समुपदेशनाची काही सेशन फुकट असतात.

पाऊसवेडी
आमचा केमिस्ट मोबाईलवरचं प्रिस्क्रिप्शन चालवत नाही म्हणतो. काय करावं?

डॉ_मोगरा
प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, पेशंटचं नाव-वय आणि औषधाचं जेनेरिक नाव हवं. ते सगळं असलेली पीडीएफ छापून न्या, बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने गोळ्या घेत राहू नका, दर वेळी नवी मागा, त्यानिमित्ताने डॉक्टरांशी बोलणंही होतं.

काळा_चहा
डॉक्टर, नातेवाइकांना तुमचा निरोप दिला. डोसबद्दल विचारायला ते तयार झाले आहेत. धन्यवाद.

साळुंकी
कळवायचं होतं. पहिली भेट प्रत्यक्षच करायचं ठरलं. टॅक्सीने नेणार, सीटवर त्याची स्वतःची चादर टाकून (डॉक्टरांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, पहिल्या खेपेला चालेल, पुढची खेप विनाचादर). त्यानंतर सायकियाट्रिस्ट व्हिडिओवर. थेरपीसाठी आरसीआय नोंदणी असलेल्या एका मराठी सायकॉलॉजिस्टशी बोलणं झालंय. ईआरपी करता का विचारल्यावर त्यांनीच उलट विचारलं, "घरात नळ कुठे आहे, फोन कुठे ठेवता येईल?" भाऊ थोडा घाबरलाय, पण हो म्हणालाय. आईने अट घातली आहे की पहिल्या दिवशी ती शेजारी बसणार.

पहिल्या सेशनसाठी काय तयारी करावी?

शेवटची_लोकल
फार काही नाही. पहिली एक-दोन सेशन प्रश्नांतच जातात. वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली असते, ४० पैकी गुण, दिवसातला किती वेळ जातो, थांबवता येतं का, असं विचारतात. तो आकडा लिहून ठेवा, पुढे फरक मोजायला उपयोगी पडतो. मग भीतीची यादी, सगळ्यात सोप्यापासून सगळ्यात कठीणपर्यंत. त्याला आधीच कागद-पेन देऊन बसवा आणि यादी त्याची त्याला करू द्या, तुम्ही सुचवू नका. सुरुवात सोप्यापासूनच होते, लोकलचा दांडा कोणी पहिल्या महिन्यात धरायला लावत नाही. फोन चार्ज करून ठेवा, वायफायचा भरवसा नसेल तर मोबाईल डेटा, आणि सेशन संपल्यावर लगेच "कसं वाटलं?" असं विचारू नका. त्याला भूक लागलेली असेल, जेवायला वाढा.

समईची_वात
आणि आईला सांगा, बसायचं असेल तर बसा, पण मधे बोलू नका. माझी सून बाहेर गॅलरीत बसायची, पाठ करून. मला तेवढं पुरायचं.